शाळेनं मुलाला ‘दादा’ नेमून दिला, म्हणजे नेमकं काय केलं?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेची सूचना येते : ‘यंदापासून तिसरी-चौथीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवी-नववीतील एक विद्यार्थी मेंटर म्हणून दिला जाईल. हा उपक्रम मूल्यशिक्षणाचा भाग आहे.’ खाली अंगठ्यांची रांग लागते आणि मग खासगीत प्रश्न सुरू होतात. मेंटर म्हणजे शिकवणी घेणार का? ज्या नववीतल्या पोराला स्वतःची पाण्याची बाटली घरी आणायची आठवण राहत नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला वळण लावणार? आठवीतल्या मुलांच्या आईवडिलांची कुरबुर वेगळीच : आमच्या मुलानं अभ्यास करायचा, की लोकांची मुलं सांभाळायची?

सगळे प्रश्न रास्त आहेत. अनेक देशांतल्या शाळांत हा प्रकार बराच काळ चालू आहे आणि त्यावर अभ्यासही झाले आहेत. त्यातून निघणारं उत्तर मात्र ‘छान उपक्रम आहे हो’ इतकं सरळ नाही. काही ठिकाणी चांगला उपयोग होतो, काही ठिकाणी काहीच होत नाही आणि काही ठिकाणी चक्क नुकसान होतं. माझं मत आधीच सांगायचं तर, या उपक्रमाचा पहिला विद्यार्थी हा मोठा मुलगा किंवा मोठी मुलगी असते. शाळेचं सगळं लक्ष लहानांकडे आणि मोठे गृहीत धरलेले, असं झालं की गाडी अडते.

यात होतं काय आणि होत काय नाही

खरेपणा, जबाबदारी, दुसऱ्याची कदर, राग आवरणं, चुकलं तर कबूल करणं या वागण्याच्या सवयी मुलांत मुराव्यात म्हणून शाळा जे जे करते, ते मूल्यशिक्षण. मेंटर म्हणजे वयानं आणि अनुभवानं थोडा पुढे असलेला सोबती, जो ठरलेल्या मुलाला ठरलेल्या वेळी नियमित भेटतो. इथून पुढे त्याला दादा किंवा ताईच म्हणू, कारण मुलंही तेच म्हणणार.

भेट साधारण आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, अर्ध्या-पाऊण तासाची, शाळेच्या आवारातच आणि शिक्षकांच्या नजरेसमोर. दोघं मिळून काहीतरी करतात. गोष्ट वाचतात, कुंडीत बी लावतात, पत्ते किंवा बुद्धिबळ खेळतात, भित्तिपत्रक रंगवतात. बोलणं त्या ओघात होतं. ‘चला, आज आपण प्रामाणिकपणावर बोलू’ असं म्हणून समोरासमोर बसलेली दोन मुलं दुसऱ्याच मिनिटाला गप्प होतात.

ही शिकवणी नाही आणि ही मॉनिटरगिरीही नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, कारण मोठ्या मुलांना लहानांवर नेमायची कल्पना जुनी आहे आणि ती एकदा चांगलीच घसरलेली आहे. 1789 च्या सुमारास मद्रासच्या अनाथाश्रमाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांच्या एका शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. त्यांच्या हाताखालचे शिक्षक ही पद्धत वापरायला राजी होईनात, तेव्हा त्यांनी ते काम आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर सोपवलं. जमलं. पुढे 1798 पासून जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये अशाच धर्तीची शाळा सुरू केली. एक मास्तर, शेकडो मुलं आणि मध्ये मोठ्या विद्यार्थ्यांची फळी. शिक्षण स्वस्त झालं, पसरलंही झपाट्यानं. पण लँकेस्टर यांच्या व्यवस्थेत शिस्तीसाठी मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणं, त्याला टोपलीत घालून छताला टांगणं असले अपमानाचे प्रकार होते, आणि खोड्यांची नोंद ठेवणारी मोठी मुलंच असत. मोठ्या मुलाच्या हातात लहान मुलाला शिक्षा करवण्याची सत्ता दिली की काय होतं, याचा धडा त्यात आहे. म्हणून आजच्या चांगल्या उपक्रमांत दादाकडे फळ्यावर नाव लिहायचा अधिकार नसतो, गुण द्यायचा नसतो, तक्रारवहीही नसते.

मूल्यशिक्षणाचा तास असतोच की, मग हे कशाला?

तास असतो. त्याच्या मर्यादा मात्र शंभर वर्षांपूर्वीच उघड झाल्या होत्या.

1920 च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोन अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. युक्ती साधी होती. मुलांनी उत्तरपत्रिका लिहायची, ती गोळा करायची, मुलांच्या नकळत तिची नोंद करून ठेवायची आणि मग उत्तरसूचीसकट ती परत देऊन म्हणायचं, ‘तुमची तुम्हीच तपासा.’ कुणी कुठलं उत्तर खोडून बदललं, ते मागाहून बरोबर कळायचं. 1928 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अनेकांना धक्का बसला. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी होतच नव्हती. वर्गात कॉपी न करणारं मूल खेळात खोटं बोलायचं, खेळात सरळ वागणारं घरच्या अभ्यासात फसवायचं. आणि काय बरोबर, काय चूक हे तोंडपाठ असण्याचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध अगदी बेताचा होता.

त्यानंतर कार्यक्रम बदलले, पुस्तकं बदलली, रंगीत तक्ते आले. 2010 साली अमेरिकी सरकारच्या शिक्षण संशोधन संस्थेनं प्राथमिक शाळांत चालणाऱ्या अशा सात कार्यक्रमांचं एकत्रित मूल्यमापन प्रसिद्ध केलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तर मुलांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

यावरून मूल्यशिक्षण निरुपयोगी आहे असं कुणी म्हणेल, तर ती घाई होईल. यातून कळतं ते इतकंच, की ‘नेहमी खरे बोलावे’ हे मुलाला आधीपासून माहीत असतं. अडतं ते पुढच्या पायरीवर : पोटात गोळा आलाय, समोर बाई उभ्या आहेत, आणि आता नेमकं कोणतं वाक्य तोंडातून काढायचं? हे तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

चौदा वर्षांचं पोर हे कसं शिकवणार?

नव्या वस्तीत राहायला गेल्यावर पत्ता कुणाला विचारावा? तिथं चाळीस वर्षं राहिलेले आजोबा म्हणतील, ‘सोपं आहे, सरळ जा, सापडेल.’ त्यांच्या दृष्टीनं ते खरंच सोपं असतं. गेल्याच वर्षी राहायला आलेला माणूस मात्र सांगेल, ‘दुसरं वळण घेऊ नका, ते पहिल्यासारखंच दिसतं, मी तिथंच चुकलो होतो.’ चुकण्याच्या जागा त्याच्या लक्षात ताज्या असतात. नववीतल्या मुलाकडे चौथीतल्या मुलाला देण्यासारखं जे आहे, ते हेच. मोठी माणसं चौथीत असताना कशाला घाबरत होती, ते विसरून गेलेली असतात.

याला प्रयोगाचा आधार आहे. 1980 च्या दशकात डेल शंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्यासारख्याच मुलांची चित्रफीत दाखवली. एका फितीतला मुलगा पहिल्यापासून उदाहरणं बिनचूक सोडवत होता. दुसऱ्या फितीतला आधी अडखळत होता, चुकत होता आणि मग सावरत होता. अडखळणाऱ्या त्या एका मुलाला पाहिलेल्या मुलांचा आत्मविश्वास आणि कामगिरी, बिनचूक मुलगा पाहिलेल्यांपेक्षा जास्त सुधारली. विषय गणिताचा होता, पण वागणुकीला ही गोष्ट लावायला मला अडचण दिसत नाही. आदर्श विद्यार्थ्याकडे पाहून लहान मुलाला वाटतं, ‘हा वेगळाच आहे.’ धडपडलेल्या दादाकडे पाहून वाटतं, ‘याचंही झालं होतं तर!’

शाळा मात्र बहुतेक वेळा उलटं करतात. पहिल्या बाकावरची, निबंधस्पर्धेत पहिली येणारी, कधी ओरडा न खाल्लेली मुलं मेंटर म्हणून निवडतात. त्यांतली काही उत्तम काम करतात, नाही असं नाही. पण ज्याला कधी खोटं बोलायची वेळच आली नाही, त्याच्याकडे त्या विषयावर सांगण्यासारखं फारसं नसतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, चौथीतल्या मुलीच्या हातून वाचनालयाच्या पुस्तकाचं पान फाटलंय आणि तिनं पुस्तक दप्तरात तळाशी लपवलंय. भेटीच्या तासाला ते तिच्या तोंडून निसटतं. प्रशिक्षण न मिळालेला दादा म्हणेल, ‘असं लपवू नये. नेहमी खरं सांगावं.’ ती मान हलवेल, ‘हो दादा.’ विषय संपला आणि पुस्तक दप्तरातच राहिलं.

ज्याला हे काम समजावून दिलंय, त्याच्याशी बोलणं साधारण असं होईल :

‘कधी फाटलं?’

‘शुक्रवारी.’

‘म्हणजे चार दिवस झाले. आठवतं मधूनमधून?’

‘दप्तर उघडलं की आठवतं.’

‘माझ्या हातून प्रयोगशाळेतली काचेची नळी फुटली होती. मी तुकडे कपाटामागं सारले.’

‘मग? सांगितलंस तू?’

‘नाही. सरांनाच सापडले. त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं, आणि मग मला सांगावं लागलं. ते जास्त वाईट होतं.’

(बराच वेळ काही नाही. रंगीत खडू चालू.)

‘वाचनालयाच्या बाई ओरडतात का रे?’

‘थोड्या ओरडतात. मग चिकटपट्टी काढून देतात. तुला जायचं असेल तर मी दाराशी थांबतो. बोलायचं तू.’

यात उपदेशाचं एकही वाक्य नाही. दादानं तिच्या वतीनं जाऊन प्रकरण मिटवलं नाही, बाईंना परस्पर सांगितलंही नाही. पहिलं वाक्य तिचं तिला बोलू दिलं आणि ते बोलता येईल इतक्या जवळ तो उभा राहिला. ‘दाराशी थांबतो, बोलायचं तू’ हे आपोआप सुचत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकवायला लागणारे तास शाळेच्या वेळापत्रकात असावे लागतात.

फायदा नक्की कुणाचा?

हा प्रश्न मोठ्या मुलांचे पालक विचारतात आणि त्यांना सहसा ‘नेतृत्वगुण वाढतात’ असं गुळमुळीत उत्तर मिळतं. खरं उत्तर त्याहून रंजक आहे.

2002 साली जोशुआ अरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, शाळेतली काही मुलं अभ्यासात अडखळताहेत, त्यांना धीर देणारं पत्र लिहा, आणि बुद्धी जन्मजात ठरलेली नसते, ती कष्टानं वाढते, हे त्यांना पटवून द्या. विद्यार्थ्यांनी मन लावून पत्रं लिहिली. काही महिन्यांनी पाहिलं तर पत्र लिहिणाऱ्यांचीच अभ्यासातली गोडी आणि गुण वाढले होते, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे. आणि ज्या शाळकरी मुलांना ही पत्रं लिहिली, ती मुळात अस्तित्वातच नव्हती!

2019 मध्ये लॉरेन एस्क्राइस-विंकलर, अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी याच अंगानं मोठा प्रयोग केला. हायस्कूलच्या 1,982 विद्यार्थ्यांपैकी काहींना सत्राच्या सुरुवातीला आपल्याहून लहान विद्यार्थ्यांना अभ्यासाबद्दल सल्ला द्यायला सांगितलं. काम फक्त काही मिनिटांचं. सत्राअखेर सल्ला देणाऱ्यांचे गणितातले आणि त्यांनी स्वतः निवडलेल्या एका विषयातले गुण इतरांपेक्षा वर होते. फरक लहान होता, पण इतक्या छोट्या कामाच्या मानानं तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

असं का होत असावं? एक तर, दुसऱ्याला पटवण्यासाठी माणूस आपल्याकडचे मुद्दे गोळा करतो आणि ते गोळा करता करता स्वतःलाच पटतात. दुसरं, ‘सांगणारा’ या जागेवर बसवलं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे, असं वाटू लागतं. नेहमी ऐकूनच घ्यावं लागणाऱ्या मुलांसाठी ही जागा नवी असते. 1965 साली फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञानं हेच निरीक्षण मांडलं होतं : मदत करणाऱ्याला अनेकदा मदत घेणाऱ्याइतकंच, किंबहुना जास्त मिळतं. तिसरं कारण मी माझ्या पदरचं जोडतो. आठवड्यातून एकदा का होईना, एक लहान मूल आपल्याकडे बघतंय, हे कळलं की चौदाव्या वर्षीचं मूल जिन्यात ढकलाढकली करण्याआधी इकडंतिकडं पाहतं. हा बदल किती खोलवर जातो ते सांगता येणार नाही, पण सवयी अशाच कुठून तरी सुरू होतात.

अभ्यासाची काळजी करणाऱ्यांना थोडक्यात : पंधरवड्यातली चाळीस मिनिटं कुणाचं वर्ष बुडवत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात भेटी थांबवायच्या असतील तर ते आधी ठरवावं आणि लहान मुलाला आधी सांगावं. का, ते आता पाहू.

आणि दादा आलाच नाही तर?

या लेखातलं एकच प्रकरण वाचायचं असेल, तर हे वाचा.

कोणी म्हणेल, एखाद्या वेळी नाही आला तर काय बिघडलं? मोठ्यांच्या हिशेबात काहीच नाही. त्या दिवशी सामना होता, किंवा सराव परीक्षा, किंवा नुसताच कंटाळा. लहान मूल मात्र त्या तासाला हॉलच्या दाराशी उभं असतं. बाकीच्यांचे दादा-ताई आलेले. आपला नाही. हे तीनदा झालं की ते ‘त्याला काम असेल’ असा निष्कर्ष काढत नाही. ते काढतं तो निष्कर्ष असा : ‘मी त्याला आवडत नाही.’

अमेरिकेतले संशोधक मायकल कार्चर यांनी हायस्कूलची मुलं लहान मुलांचे मेंटर असलेल्या उपक्रमांचा बराच अभ्यास केला आहे. 2005 साली त्यांनी मेंटरांची हजेरी आणि लहान मुलांची स्थिती यांची सांगड घालून पाहिली. जिथे मोठे नियमित येत होते, तिथे लहानांचा फायदा दिसला. जिथे हजेरी बेभरवशाची, तिथे लहानांचं स्वतःबद्दलचं मत घसरलेलं आढळलं. म्हणजे अधूनमधून उगवणारा दादा असण्यापेक्षा नसलेला बरा. त्याआधी 2002 मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी प्रौढ स्वयंसेवक आणि किशोरवयीन मुलं यांच्या जोड्यांचा अभ्यास केला होता. तिथेही वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मसन्मान उलट कमी झाला.

म्हणून एखादी शाळा जूनमध्ये फोटो काढून उद्घाटन करते आणि सप्टेंबरात उपक्रम विरून जातो, तेव्हा ‘निदान सुरुवात तरी केली’ म्हणून कौतुक करायचं कारण नाही. आपल्या मुलाच्या शाळेनं असं काही सुरू केलं असेल, तर पालकसभेत पहिला प्रश्न हजेरीचा विचारावा. न येणाऱ्या दादाचा निरोप लहान मुलापर्यंत त्याच दिवशी कोण पोहोचवतं? बदली ताई असते का? हजेरीचा तक्ता कोणत्या शिक्षकाकडे असतो, आणि त्या शिक्षकाला त्यासाठी तास मोकळा दिलाय का? शेवटचं सर्वांत आधी तपासा. ‘मुलंच सगळं बघतात’ असं अभिमानानं सांगणाऱ्या शाळेत सहसा कुणीच काही बघत नसतं.

हजेरीचा प्रश्न दरडावून सुटत नाही. मोठ्या मुलांना दर महिन्याला एकत्र बसवून विचारावं लागतं : काय जमलं, कुठे अडलं, तुझ्या वाट्याचं मूल बोलतच नाही का? बहुतेक दादा-ताई कंटाळ्यापेक्षा ओशाळेपणानं गळतात. लहान मूल गप्प बसतं, आपल्याला हे जमत नाही असं त्यांना वाटतं आणि ते टाळू लागतात. ‘पहिल्या चार भेटींत मूल गप्पच बसतं, तू फक्त खेळ’ एवढं कुणी आधी सांगितलं असतं, तर बरेच जण टिकले असते.

वाईट संगत लागली तर?

ही भीती पोकळ नाही. या क्षेत्रातला एक गाजलेला धडा 1939 साली अमेरिकेत सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पाचा आहे. बिघडण्याचा धोका असलेल्या मुलग्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असा आधार दिला गेला. त्याच तोडीच्या दुसऱ्या गटाला काही दिलं नाही. तीस-एक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेले लोक इतरांपेक्षा बरे नव्हतेच, उलट काही बाबतींत वाईट अवस्थेत होते. पुढे 1999 मध्ये थॉमस डिशन, मॅकॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी दाखवलं, की नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्यांचं झालं होतं. खोड्या करणारी मुलं एकत्र आली, एकानं पराक्रम सांगितला, बाकीचे खदखदा हसले. तेच हसू शाबासकी ठरलं.

यातून आपल्या विषयापुरतं काय घ्यायचं? त्रासदायक ठरलेल्या लहान मुलांचा वेगळा गट करून त्यांना दोन दादा नेमू नका. जोड्या सगळ्या वर्गाच्या हव्यात, एकेकट्या हव्यात आणि कोणी तरी मोठं माणूस कानावर पडेल इतक्या अंतरावर हवं. पूर्वी स्वतः खोडकर असलेल्या मुलाला दादा करायला हरकत नाही, पण ‘मी सरांना कसं फसवलं’ ही गोष्ट तो फुशारकीनं सांगतोय की खंत वाटून, ते प्रशिक्षणातच कळतं.

निवडीबद्दल आणखी एक गोष्ट. 2016 साली एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या 56 शाळांत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत थोड्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांच्याकडूनच भांडणं-छळवणुकीविरुद्ध उघड भूमिका घेववली, तिथे मुलांमधल्या भांडणांच्या नोंदी वर्षभरात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या. आणि परिणाम जास्त झाला तो, ज्यांच्याभोवती इतर मुलं जमतात अशी मुलं त्या गटात जास्त होती तिथे. ही मुलं शिक्षकांची लाडकी असतीलच असं नाही. हा प्रयोग दादा-ताईंच्या जोड्यांचा नव्हता, तरी मुलं कुणाकडे बघतात हे मुलांनाच विचारावं, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

बिल्ले, प्रमाणपत्रं, गुण?

शक्यतो नकोत. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. प्रमाणपत्र अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. वर्षाअखेर मनापासून ‘छान केलंस’ म्हणायला कुणाची ना नाही. पण सुरुवातीलाच ‘मेंटर झालात तर अंतर्गत गुण’ म्हटलं की गुण मिळताच दादा गायब.

कुणाची मूल्यं शिकवणार?

धर्म, राजकारण, घरच्या रीती यांबद्दल पालकांच्या मनात धाकधूक असते. त्यावर उपाय म्हणजे यादी आखूड आणि उघड ठेवणं. वस्तू परत करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चूक सांगणं, एकट्या पडलेल्याला खेळात घेणं, राग आल्यावर हात न उचलणं, यावर कुठल्याच घरात वाद नसतो. यादी पालकांना आधी दाखवावी. आणि ‘माझ्या घरी असं करतात’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चालेल, ‘तुझ्या घरी चुकीचं करतात’ हे चालणार नाही, एवढा नियम मोठ्यांना पक्का सांगावा.

गुपितांचं काय?

लहान मुलं दादा-ताईंना असं काही सांगतात, जे घरी किंवा बाईंना सांगत नाहीत. बहुतेक गोष्टी फाटलेल्या पानाच्या तोलामोलाच्या असतात. पण एखाद्या दिवशी चौथीतलं मूल म्हणतं, ‘मला एक जण मारतो’ किंवा ‘नको तिथं हात लावतो’ किंवा ‘मला जगायचंच नाही.’ हे ओझं चौदा वर्षांच्या मुलानं एकट्यानं पेलायचं नसतं. त्यामुळे पहिल्याच भेटीत, शिक्षकांसमोर, दोघांनाही सांगितलेलं असावं : तुमच्यातलं बोलणं तुमच्यातच राहील, पण कुणाला इजा होत असेल किंवा होणार असेल, तर दादा ते अमुक बाईंना सांगणार. बाईंचं नाव ठरलेलं हवं. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घ्यायला दादानं नकार द्यायचा असतो, आणि तो कसा द्यायचा याचा सराव आधी करून घ्यायचा असतो. त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. शाळेबाहेर भेटी नाहीत, खासगी फोन आणि चॅट नाहीत, बंद खोली नाही. यावर एखादी शाळा ‘आमची मुलं चांगली आहेत हो’ म्हणाली, तर त्या उपक्रमात आपलं मूल घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्ष संपताना

जोडी तुटते तेव्हा काय होतं, हे वर आलंच आहे. ठरवून संपलेली जोडी मात्र तुटल्यासारखी वाटत नाही. त्यासाठी शेवटची भेट कधी हे पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहावं आणि शेवटच्या दोन भेटी निरोपासाठी ठेवाव्यात. दोघांनी मिळून केलेलं काहीतरी लहान मुलाकडे राहावं. ‘आपण भेटत राहू हं’ असं वचन दादा-ताईनं देऊ नये. देताना ते खरं वाटतं, पण दहावीच्या वर्षात ते पाळणं होत नाही.

माझ्या मुलाला हे नकोच असेल तर?

तर नको. दादा किंवा ताई व्हायला सक्ती झाली की गैरहजेरी ठरलेली, आणि गैरहजेरीनं काय होतं ते पाहिलं. लहान मुलालाही एखादा दादा भावत नाही, कधी सांगता न येणाऱ्या कारणानं. अशा वेळी कारण न विचारता जोडी बदलून मिळावी, आणि ती बदलून मागायची कुणाकडे हे मुलाला पहिल्या आठवड्यात माहीत असावं. शाळेच्या सूचनेत याचा उल्लेख नसेल, तर ग्रुपवर अंगठा टाकण्याआधी तेवढं विचारून घ्या.